मैदानातले मौन

भंडारा जिल्ह्यात धानाची चुरणी आटोपून बांध्या उघड्या पडल्या, संक्रांतीचा तीळगूळ वाटून झाला आणि वैनगंगेकडून येणारा पहाटेचा वारा अंगात शिरू लागला, म्हणजे गावोगावच्या आबालवृद्धांस जे एकच वेध लागत, ते शंकरपटाचे होत. दोन समांतर पट्ट्या, प्रत्येकीवर एक हलका छकडा, त्यास जुंपलेली निवडक बैलांची जोडी आणि छकड्यावर वाकून उभा राहिलेला धुरकरी, एवढीच या खेळाची सामग्री. परंतु त्या जोड्या उधळून सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत पोचेतोवर जे थोडे क्षण जात, तेवढ्यांसाठी कोसच्या कोस तुडवीत माणसे येत, दिवसभर उन्हात बसत, आणि रात्री त्याच गावी नाटक वा दंडार पाहून उजाडता उजाडता घराकडे वळत.

१९५४ सालच्या हिवाळ्यातील अशाच एका पटास मी माझ्या आजोबांचे बोट धरून गेलो होतो. माझे वय तेव्हा नऊ वर्षांचे होते. मालगुजारी कायद्याने संपून तीन वर्षे लोटली होती, तथापि मालगुजाराची खुर्ची मंडपात अद्याप पहिल्या रांगेतच मांडली जात असे, आणि लोकांची दृष्टीही आधी त्या खुर्चीकडे जाऊन मगच मैदानाकडे वळे. अखेरच्या झुंजीत एका पट्टीवर त्याच घराण्याची, लागोपाठ तीन वर्षे अजिंक्य ठरलेली पांढरीशुभ्र जोडी होती. दुसऱ्या पट्टीवर गावकुसाबाहेरील वस्तीत जाडेभरडे कापड विणून आणि दोन बांध्या कसून राहणाऱ्या एका महार गृहस्थाची तांबडी जोडी होती, जिचे नावही पुकारणाऱ्याने एकदाच आणि घाईने उच्चारले. तांबडी जोडी आधी पोचली. अंतर इतके स्वच्छ होते की पंचांस आपसांत विचारविनिमय करण्याची गरज पडली नाही.

त्या मैदानावर त्या वेळी टाळी वाजली नाही. शिवीही ऐकू आली नाही. हजारो माणसांचा तो समुदाय, जो सकाळपासून प्रत्येक जोडीमागे ओरडून घसा कोरडा करीत होता, तो एकाएकी गप्प झाला, आणि त्या शांततेत केवळ त्या दोन बैलांचा श्वास ऐकू येत राहिला. मी टाळी वाजविण्यास हात उचलले, तेव्हा आजोबांनी माझे दोन्ही हात आपल्या रुंद पंजात धरले आणि ते समोर पाहत राहिले. इनामाचे रुपये आणि फेटा पंचांनी टेबलावर ठेवून दिला. तो त्या गृहस्थाने तेथून उचलून न्यावयाचा होता. त्याच्या हातात तो कोणी दिला नाही.

पुढील आयुष्यात क्रीडेच्या इतिहासाचे जे काही वाचन मजकडून घडले, त्यात मी कळत-नकळत ते मौनच शोधीत आलो आहे. जेत्यावर लोक प्रेम करतात हे तर कोणीही सांगेल. परंतु जेत्याचा द्वेष कसा केला जातो, आणि ज्याच्यावर प्रेम केले जाते त्याच्याकडून त्या प्रेमाची वसुली कशी होते, याची दप्तरे जर कोठे नीट जपून राहिली असतील, तर ती मुष्टियुद्धाच्या इतिहासात. तो खेळ आमच्या मुलखाचा नव्हे. आमचा पिंड आखाड्याचा, लाल मातीचा आणि मारुतीच्या शेंदराचा. दोन माणसांनी हातांत कातडी मोजे घालून एकमेकांच्या मुखावर प्रहार करावेत आणि भोवतालच्यांनी तिकिटे काढून ते पाहावे, हे आमच्या जुन्या पैलवानांस कधीच रुचले नाही. तरीही त्या चौकोनी रिंगणाच्या दोरांपलीकडे बसलेला जमाव आणि आमच्या पटाच्या मंडपातला जमाव यांत मला कधी फारसा भेद दिसला नाही.

हेवीवेट वर्गाचा जगज्जेता म्हणजे पृथ्वीवरील सर्वांत बलवान पुरुष, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेची व युरोपची समजूत होती, आणि म्हणूनच तो गोरा असला पाहिजे, असा त्या समजुतीचा न लिहिलेला पोटनियम होता. जॉन एल. सलिव्हन या पहिल्या मोठ्या जेत्याने कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी आपण लढणार नाही असे उघड सांगून टाकले आणि त्याच्या मागून आलेल्यांनी तो शिरस्ता इमानाने चालविला. १८७८ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी, गुलामगिरीत जन्मलेल्या माता-पित्यांच्या पोटी आलेल्या जॅक जॉन्सनने तो शिरस्ता मोडला. तत्कालीन जेता टॉमी बर्न्स याच्या मागोमाग तो इंग्लंडात गेला, तेथून ऑस्ट्रेलियात गेला, आणि शेवटी २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे दोघे समोरासमोर उभे राहिले. चौदाव्या फेरीत पोलिसांनीच मध्ये पडून लढत थांबविली, कारण बर्न्सची जी दशा चालली होती ती पाहवत नव्हती.

यानंतर सुरू झाला तो शोध पुढील पिढ्यांस लज्जास्पद वाटावा असा आहे. या काळ्या जेत्यास नमविणारा कोणी गोरा वीर हवा, म्हणून वृत्तपत्रांनी आणि लेखकांनी, ज्यांत जॅक लंडनसारखा नामांकित साहित्यिकही होता, देशभर हाकाटी केली. जिम जेफ्रिस हा १९०५ साली अपराजित अवस्थेत निवृत्त होऊन कॅलिफोर्नियात शेती करीत बसला होता. त्याचे शरीर सुटले होते, मन उतरले होते, आणि त्याने नकार देऊन पाहिला. परंतु ज्या जनसमुदायाने त्यास आपल्या वंशाचा प्रतिनिधी ठरवून टाकले होते, त्याने त्याच्या नकाराची दखल घेतली नाही. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेवाडातील रेनो गावी सुमारे वीस हजार प्रेक्षकांसमोर ही लढत झाली. आयुष्यात कधीही ज्याची पाठ फळीस लागली नव्हती, तो जेफ्रिस पंधराव्या फेरीत पुनःपुन्हा खाली गेला आणि त्याच्या माणसांनीच हार कबूल केली. रेनोचे मैदान मुकाट रिकामे झाले. जे तेथे घडले नाही ते त्या रात्री अमेरिकेच्या इतर शहरांत घडले: आपला माणूस जिंकला म्हणून रस्त्यावर आलेल्या कृष्णवर्णीयांवर टोळ्या तुटून पडल्या आणि वीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली, त्यांतील बहुसंख्य काळी होती.

जॉन्सनचा अपराध जिंकणे एवढाच नव्हता. तो हसत असे. समोरच्यास ठोसा लगावताना रिंगणाबाहेर बसलेल्यांशी तो गप्पा करी, सोन्याने मढविलेले दात दाखवी, वेगवान मोटारी हाकी, आणि गोऱ्या स्त्रियांशी त्याने उघडपणे विवाह केले. ज्याने मान खाली घालून जिंकावे अशी अपेक्षा होती, त्याने मान वर करून जिंकले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारख्या स्वजातीय पुढाऱ्यांनीही त्याची कानउघाडणी केली, कारण त्याच्या हास्याची शिक्षा आपल्या सर्वांस भोगावी लागेल हे भय त्यांच्या मनात होते, आणि ते भय निराधार नव्हते. १९१२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्याने मनाई केली. १९१३ साली, स्त्रियांच्या अनैतिक व्यापारास आळा घालण्यासाठी केलेल्या एका कायद्याचे कलम लावून, बारा गोऱ्या ज्यूरींनी त्यास दोषी ठरविले आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. तो परागंदा झाला, १९१५ साली हवाना येथे जेस विलर्डकडून हरला, १९२० साली परत येऊन त्याने शिक्षा भोगली आणि १९४६ साली मोटार-अपघातात मरण पावला. त्या शिक्षेबद्दल त्यास राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती २०१८ साली, म्हणजे निकालानंतर एकशे पाच वर्षांनी.

रेनोच्या त्याच वर्षी, आणि हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे, आपल्याकडचा गामा लंडनमध्ये होता. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा प्रचंड मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ पोटावर पडून मातीस, नव्हे तेथील गादीस, चिकटून राहिला. गामास त्याची पाठ लावता आली नाही, आणि एका आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीस झिबिस्को आलाच नाही, म्हणून पट्टा गामास मिळाला. हिंदुस्थानात त्या बातमीने जो आनंद उसळला, त्यात हिंदू-मुसलमान, सवर्ण-अस्पृश्य असा भेद कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आजही आमच्याकडे अंगाने दांडग्या पोरास गामा म्हणून हाक मारतात, आणि हाक मारणाऱ्यास तो काश्मिरी मुसलमान होता हे ठाऊकही नसते. दूरच्या राजधानीत, दूरच्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर जिंकणाऱ्या आपल्या माणसावर प्रेम करणे सोपे असते. तोच माणूस गावच्या पट्टीवर आपल्याच खुर्चीसमोर जिंकू लागला, म्हणजे कसोटी लागते.

या कसोटीची महाराष्ट्रातील सर्वांत पूर्ण हकिकत मुष्टियुद्धातली वा कुस्तीतली नसून क्रिकेटमधली आहे. १९११ सालच्या उन्हाळ्यात जॅक जॉन्सन लंडनमध्ये होता. बॉम्बार्डियर बिली वेल्स या इंग्रज जेत्याशी त्याची लढत ऑक्टोबरात ठरली होती, आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. साम्राज्यातील काळ्या-सावळ्या प्रजेने अशी लढत पाहिली अथवा ऐकली तर तिच्या मनावर काय परिणाम होईल, ही चिंता त्या मनाईच्या मुळाशी होती. त्याच उन्हाळ्यात त्याच इंग्लंडात त्या प्रजेपैकीच एक, पालवणकर बाळू नावाचा डावखुरा गोलंदाज, इंग्रज फलंदाजांचे बळी टिपीत गावोगाव फिरत होता.

बाळू चांभार समाजातले. वडील पलटणीत नोकर, जन्म १८७६ सालचा धारवाडचा. पुण्यास प्रथम पारशांच्या आणि नंतर गोऱ्यांच्या क्लबात मैदान झाडणे, जाळे लावणे, खेळपट्टी राखणे ही कामे त्यांनी महिना तीन-चार रुपयांवर केली. ग्रेग नावाच्या नामांकित इंग्रज फलंदाजास सराव हवा असे, म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला, आणि तेथे फेकलेल्या हजारो चेंडूंतून त्यांची मंद, वळणारी, फसवी गोलंदाजी घडली. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुण्याच्या हिंदूंनी, युरोपियनांस हरवावयाचे तर हा माणूस हवा हे उमजून, त्यांस आपल्या संघात घेतले. मैदानावर ज्या चेंडूस बाळूंचा हात लागे तो चेंडू झेलण्यास कोणाही ब्राह्मण खेळाडूची हरकत नव्हती. परंतु चहाच्या वेळी इतरांस क्लबच्या मंडपात चिनी मातीच्या पेल्यातून चहा मिळे आणि बाळूंस तो बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाचे पान निराळे, टेबल निराळे.

मुंबईत आल्यावर, १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले त्यात बाळूंचा वाटा सिंहाचा होता. १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यात, जो एरवी पराभवांनीच भरलेला होता, त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला; त्या समारंभाच्या मानपत्राशी तेव्हा विद्यार्थिदशेत असलेल्या भीमराव आंबेडकर यांचे नाव जोडलेले आहे. आणि एवढे सर्व झाल्यावर, वर्षामागून वर्षे, हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंहून कमी योग्यतेच्या, परंतु उच्च कुळातील गृहस्थांकडे जात राहिले. बाळूंनी त्याविषयी कधी आकांडतांडव केले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे १९२३ साली कर्णधार झाले, तेही बराच वाद होऊन, आणि तो विजय लोकांनी त्यांस खांद्यावर उचलून साजरा केला; तोवर बाळूंचे खेळण्याचे दिवस संपले होते.

जॉन्सन आणि बाळू यांस मी जेव्हा शेजारी शेजारी उभे करून पाहतो, तेव्हा मला जॉन्सनच्या हास्याची आणि बाळूंच्या मौनाची तुलना करून एकास उद्धट व दुसऱ्यास सुशील ठरविणारे लोक आठवतात, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. ज्याने हास्य केले त्यास तुरुंग मिळाला. ज्याने मौन राखले त्यास मातीचे भांडे मिळाले.

जॉन्सनच्या हास्याची उरलेली बाकी पुढील पिढीत जो लुईसने चुकती केली. १९१४ साली अलाबामात जन्मलेल्या या तरुणास जगज्जेतेपदाची संधी हवी होती, आणि जॉन्सननंतर ती कोणाही कृष्णवर्णीयास मिळाली नव्हती; तेव्हा त्याच्या व्यवस्थापकांनी त्यास आचरणाची एक नियमावलीच घालून दिली. गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र काढवून घ्यावयाचे नाही, एकट्याने रात्रीच्या क्लबात जावयाचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हर्ष दाखवावयाचा नाही, छायाचित्रकारांसमोर चेहरा कोरा ठेवावयाचा. एखाद्या नोकरास मुचलका लिहून द्यावा लागावा तसा हा मुचलका होता, आणि लुईसने तो बारा वर्षे पाळला. १९३७ ते १९४९ एवढा काळ तो जगज्जेता राहिला, पंचवीस वेळा त्याने ते पद राखले, आणि अमेरिकेतील गोऱ्या-काळ्या सर्वांनी त्यावर जे प्रेम केले ते त्यापूर्वी कोणाही कृष्णवर्णीय खेळाडूच्या वाट्यास आले नव्हते.

त्या प्रेमाचे शिखर म्हणजे २२ जून १९३८ ची रात्र. दोन वर्षांपूर्वी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने लुईसला बाराव्या फेरीत लोळविले होते, आणि नाझी प्रचारयंत्राने त्याचा डांगोरा पिटून श्मेलिंगला आर्यवंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा बनविले होते. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सत्तर हजारांचा जमाव जमला, आणि लुईसने एकशे चोवीस सेकंदांत सामना संपविला. त्या एका रात्रीपुरती का होईना, दक्षिणेतील ज्या गोऱ्या गृहस्थांनी लुईसला आपल्या खाणावळीत पाणीही दिले नसते, त्यांनीही त्याच्या विजयासाठी प्रार्थना केली. मात्र त्या रात्री ज्याचा सर्वांनी द्वेष केला, तो श्मेलिंग त्या द्वेषाचा धनी नव्हता. आपल्या ज्यू व्यवस्थापकास सोडण्यास त्याने नकार दिला होता. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, जर्मनीतील ज्यूंची घरे-दुकाने फोडली जात असताना, आपल्या एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना त्याने स्वतःच्या हॉटेलातील खोलीत लपवून ठेवले. ही गोष्ट त्याने स्वतः कोणास सांगितली नाही. त्या मुलांपैकी एकाने पन्नास वर्षांनी ती उघड केली.

आणि लुईस? महायुद्धात दोन लढतींची मिळकत त्याने आरमाराच्या आणि लष्कराच्या साहाय्यनिधीस देऊन टाकली; युद्धानंतर त्याच सरकारच्या कर-खात्याने थकबाकी काढली, व्याज चढविले, आणि ज्या वयात मल्लाने आखाड्याच्या कठड्यावर बसून पोरांस डाव सांगावेत, त्या वयात तो देणे फेडण्यासाठी पुन्हा रिंगणात उतरला. शेवटची वर्षे त्याने लास व्हेगासमधील एका जुगारगृहात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे स्वागत करण्यात घालविली. १९८१ साली तो वारला. त्याच्या अंत्यविधीचा काही खर्च श्मेलिंगने केला. ज्या राष्ट्राने त्यावर इतके प्रेम केले होते, त्याने त्यास लष्करी स्मशानभूमीत सन्मानाने जागा दिली; कराची ती फाईल हयातीत कोणी मिटविली नाही.

सोनी लिस्टनची कथा याहून थोडक्यात सांगता येते, कारण त्याच्यावर कोणी प्रेम केलेच नाही. आर्कान्सासमधील एका कुळाच्या घरी, पंचवीस मुलांपैकी चोविसावा म्हणून तो वाढला. जन्मतारीख नक्की नाही, अक्षरओळख नाही. दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि तेथेच एका पाद्र्याच्या प्रोत्साहनाने मुष्टियुद्ध शिकला. गुंडांच्या टोळ्यांनी त्यास पोसले हे खरे आहे. त्याची लढत फ्लॉइड पॅटर्सनशी व्हावयाची ठरली, तेव्हा पॅटर्सन हा गोऱ्यांसही प्रिय असलेला सौम्य, विनयशील कृष्णवर्णीय जेता होता, आणि लिस्टनला ही संधी मिळू नये असे कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्यांनाही वाटत होते. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत लिस्टनने पहिल्याच फेरीत पॅटर्सनला लोळविले. दुसऱ्या दिवशी तो विमानाने फिलाडेल्फियास, आपल्या राहत्या गावी, निघाला. वाटेत तो शेजारी बसलेल्या पत्रकारास सांगत होता की आता मी जगज्जेता आहे, आता मी नीट वागेन, लोकांना माझा अभिमान वाटेल असे करीन. स्वागतास जमणाऱ्यांपुढे काय बोलावयाचे याची त्याने तालीमही केली. विमानाचे दार उघडले. त्याने टोपी सारखी केली, गळपट्ट्यास हात लावला, आणि समोर पाहिले. विमानतळावर काही वार्ताहर आणि तेथील नोकर यांवाचून कोणीही आलेले नव्हते.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फिलाडेल्फिया आले नाही. टेबलावर ठेवलेला तो फेटा आला. १९७० च्या अखेरीस लिस्टन लास व्हेगासमध्ये आपल्या घरी मरून पडला. त्याच्या थडग्यावर नावाखाली दोनच शब्द कोरलेले आहेत, ज्यांचा अर्थ 'एक माणूस'.

महंमद अलींविषयी मी येथे विस्ताराने लिहिणार नाही; १९८० साली ते दिल्ली-मुंबई-मद्रास येथे आले तेव्हा त्यांना पाहण्यासाठी लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली त्यांस त्यांच्या लोकप्रियतेविषयी काही सांगावे लागत नाही. लिस्टनला हरवून जेता झालेला, धर्म बदललेला, १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी लष्करात भरती होण्यास नकार देणारा हा तरुण एका काळी अमेरिकेतील सर्वांत द्वेष्य पुरुष होता, त्याचे पद काढून घेण्यात आले होते, पाच वर्षांची शिक्षा झाली होती जी १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आणि १९९६ साली अटलांटास थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटविताना त्यास पाहून त्याच राष्ट्राचे डोळे भरून आले, हे सर्वश्रुत आहे. मला त्यात एकच गोष्ट जोडावीशी वाटते, आणि ती अलींच्या चाहत्यांस आवडणार नाही. बंदीच्या काळात ज्या जो फ्रेझिअरने त्यांना पैशाची मदत केली, त्यांचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला, त्याच फ्रेझिअरला अलींनी पुढे गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटले, गोरिला म्हटले, आणि दक्षिण कॅरोलायनातील गरीब शेतमजुराच्या त्या मुलास त्याच्याच लोकांत परका करून सोडले. फ्रेझिअरच्या मुलांना शाळेत त्यावरून चिडविले गेले. द्वेष सोसलेल्या माणसाने तो दुसऱ्याच्या वाट्यास द्यावा, यासारखे दुःख नाही. अलींच्या थोरवीस मी नमस्कार करतो, तो ही नोंद बाजूस ठेवून नव्हे.

आता पुन्हा भंडाऱ्याकडे. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध काँग्रेसने पालवणकर बाळूंना उभे केले होते. ज्या वीराच्या सत्काराशी आंबेडकर तरुणपणी जोडले गेले होते, त्याच्याशीच त्यांना लढावे लागले, आणि बाळू हरले. सतरा वर्षांनी, त्या पटानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५४ च्या मे महिन्याच्या उन्हात डॉ. आंबेडकर स्वतः आमच्या जिल्ह्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते. मतदारसंघ दुहेरी होता: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, प्रत्येक मतदारास दोन मते. आपले एक मत डॉ. आंबेडकरांस द्यावे आणि दुसरे कोणासही न देता कुजवावे, म्हणजे इतरांची बेरीज कमी होईल, असा हिशेब त्यांच्या काही कार्यकर्त्यांनी मांडला होता. त्या प्रचारात वावरलेल्यांनी लिहून ठेवले आहे की, ज्याने राज्यघटना लिहिली तो लोकांना मत कुजविण्यास सांगणार नाही, असे म्हणून डॉ. आंबेडकरांनी तो सल्ला नाकारला. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली, राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी. डॉ. आंबेडकर हरले. आमच्या गावात त्या दिवशी काही जणांनी पेढे वाटले. आमच्या घरीही एक पुडी आली होती, आणि आजोबांनी ती न उघडता फडताळात ठेवलेली मला आठवते.

त्या तांबड्या जोडीचा धनी त्यानंतर पटास आला नाही. कोणी त्यास बंदी केली होती असे नव्हे. जोडी घेऊन तो आमच्या घराजवळच्या बोडीवर संध्याकाळी येई, बैल धुई, आणि मी काठावर उभा दिसलो तर कासरा माझ्या हाती देऊन म्हणे, ‘धर गा, बाबू.’ ओल्या कातडीचा तो वास आणि त्या बैलांच्या मानेची उष्णता अजून माझ्या तळहातांत आहे. फेट्याविषयी तो कधी बोलला नाही आणि मला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

१९५६ च्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी, पहाटेस, नागपूरच्या रस्त्याला बंड्यांची रांग लागली होती. डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धर्माची दीक्षा घेण्यास निघालेली ती माणसे होती. बायकांची लुगडी पांढरी, पुरुषांची धोतरे पांढरी, सामानात भाकरीची गाठोडी आणि पाण्याची मडकी. वीस कोसांची वाट होती. त्या रांगेत ती तांबडी जोडी मला लांबूनच ओळखू आली. पट मारलेले ते बैल आता शर्यतीच्या छकड्यास जुंपलेले नव्हते, तर तीन बिऱ्हाडे बसलेल्या जड बंडीस, आणि चाल त्यांची इतकी संथ होती की शेजारून म्हातारी माणसे पायी चालत होती. पुढे तो बसला होता, डोक्यास फेटा बांधून. माझे आजोबा ओसरीवरून उतरून रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि ती बंडी वळणाआड जाईतो तेथेच उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले होते.